येऊ की, रविवारी येऊ

इटलीहून परत आल्यापासून इथे अमेरिकेत, आमच्या पिस्कॅटवेतल्या बऱ्याच मित्रमंडळींना फोटो दाखवून झालेत. रोम दाखवलं, फ्लॉरेन्स दाखवलं, गाडी कुठे पार्क करावी आणि कुठल्या आइस्क्रीमवाल्याकडे जाऊ नये हेही न विचारता सांगितलं. मधल्या एका डोंगरातल्या गावाचे फोटो आले की मात्र माझं बोट भरभर सरकतं. परवा शेजारच्या वैद्यकाकांनी नेमकं तिथेच थांबवलं. "हे कुठलं रे? छान दिसतंय." मी म्हटलं, "काही नाही काका, वाटेत लागलं." मेधा, म्हणजे माझी बायको, समोर चहा ओतत होती. तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मला झोंबलं. म्हणून आज सगळं लिहून टाकतोय. गावाचं नाव लिहिणार नाही. तुमच्यापैकी कुणी तिथे गेलं आणि "आम्ही त्या अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या ओळखीचे" असं म्हणालं तर माझी आणखी शोभा व्हायची.

आम्ही तिघं होतो. मी, मेधा आणि आमची ईरा. ईरा इथेच जन्मलेली, सध्या ॲन आर्बरला फिजिओथेरपी शिकते आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो. जायच्या आधी वर्षभर मी ऑफिसच्या बसमध्ये कानात हेडफोन घालून इटालियन शिकलो होतो. ॲपवरची घुबडं, पोपट, पदकं सगळं मिळवलं होतं. घरी कॉफी मागायची तरी मी इटालियनमध्ये मागायचो. ईरा म्हणायची, "बाबा, प्लीज स्टॉप." पण आपल्याला भाषा येते या गोष्टीचा मला फार म्हणजे फारच अभिमान झाला होता.

गुरुवार, वर चढताना

रोमहून पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात डोंगर सुरू होतात. बोगद्यामागून बोगदा. मोठा रस्ता सोडला की घाट, ओक आणि चेस्टनटची झाडं, आणि मग एका वळणावर समोरच्या टेकडीच्या माथ्यावर ते गाव. दगडी घरं एकमेकांना खेटून उभी, मधोमध चर्चचा मनोरा. लांबून पाहिलं तर शेकडो वर्षांत काही बदललेलं नाही असं वाटतं. जवळ गेलं की क्रेन दिसते.

काही वर्षांपूर्वी तिथे मोठा भूकंप झाला. अर्धं गाव दुरुस्त झालंय, अर्धं अजून लाकडी टेकू लावून उभं आहे. खिडक्यांच्या चौकटीत आडव्या फळ्या ठोकलेल्या. भिंतींवर लोखंडी पट्टे आवळलेले. एका गल्लीच्या तोंडाशी जाळी लावलेली आणि जाळीच्या पलीकडे एका घराच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी अजून तशीच. मी मूळचा कराडचा. लहानपणी मांडणीतली भांडी खुळखुळली की आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "कोयना हलली वाटतं," आणि पुढची पोळी घ्यायची. त्यामुळे भूकंपाचं मला काही कौतुक नाही असं मी गाडीत दोघींना ऐकवलं होतं. त्या गल्लीच्या तोंडाशी मी गप्प बसलो.

आमची खोली अस्सुंता नावाच्या बाईंच्या घरात होती. पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील. बुटक्या, काटक, आवाज मात्र सगळ्या गल्लीला पुरेल असा. पण गल्लीत ऐकायला होतं कोण? डाव्या उजव्या हाताची घरं दुरुस्त होऊन, नवा रंग लागून, कुलूपबंद होती. माणसं भूकंपानंतर खाली समुद्राकाठच्या शहरांत गेली, तिथे नोकऱ्या लागल्या, पोरांच्या शाळा सुरू झाल्या आणि तिथलीच झाली. मेधानं पहिल्या तासाभरातच त्यांना "अस्सुंतामावशी" करून टाकलं. त्यांना ते त्यांच्याच नावाचं लांबलचक रूप वाटलं आणि आवडलं.

मेधा शाकाहारी आहे हे समजावताना माझ्या इटालियनचा कस लागला. "मांस नाही? बरं. मग कोकरू?" "कोकरूही नाही." "लहानसं?" शेवटी त्यांनी अख्ख्या मसुराची दाट आमटी केली. ते मसूर त्याच डोंगरात पिकतात, मोहरीहून थोडे मोठे असतील. वरून ऑलिव्ह ऑइल आणि शेजारी ढब्बू पाव. मेधानं एक चमचा खाल्ला आणि बॅगेतून डबा काढला. तिच्या आईचा स्टीलचा डबा आहे, झाकणावर आईचं नाव घातलेलं, आत गोडा मसाला. तो डबा आमच्याबरोबर निम्मं जग फिरलाय. मावशींच्या परवानगीनं तिनं चिमूटभर मसाला तेलात परतून आमटीवर ओतला. मावशींनी वास घेतला, चव घेतली, पुन्हा घेतली आणि डोळे मिटून जे बोलल्या ते माझ्या ॲपमध्ये नव्हतं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी आम्हाला शेवया कशा करतात ते दाखवलं. लाकडाच्या चौकटीवर तारा ताणलेल्या असतात, वर पोळी पसरायची आणि लाटणं फिरवायचं, की खाली लांब लांब शेवया पडतात. ईरानं तारांवर बोट फिरवलं तर बारीक सूर निघाला. मावशी खूष होऊन हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांत एवढा गलका झाला नसावा.

शुक्रवार, दारात

आता जे घडलं ते समजायला तुम्हाला आमच्या पिस्कॅटवेतला निरोप माहीत असायला हवा. तुम्हाला तो माहीत आहेच. जेवणं झाली, बूट घातले, कोट चढवले, की खऱ्या गप्पा दारात सुरू होतात. "निघतो आता." "या हं परत." "येऊ की! आता तुम्ही या." "नक्की. एकदा रविवारी जेवायलाच या." "येऊ, येऊ." यातल्या कुठल्या रविवारी कोण येणार आहे? कुणीही नाही. कुणी कॅलेंडर उघडत नाही. उघडलं तर समोरचा दचकेल. येतो म्हणायचं, कारण जातो म्हणायचं नसतं, इतकं ते सरळ आहे. घरातून निघताना चुकून "जातो" म्हटलं की माझी आई उंबऱ्यावर थांबवायची आणि "येतो म्हण" म्हणून वदवून घ्यायची.

शुक्रवारी सकाळी बॅगा गाडीत टाकल्या. आम्ही दोन दिवस समुद्रावर जाऊन रविवारी रोमला परतणार होतो, सोमवारी विमान. मावशी दारात उभ्या. त्यांनी मेधाच्या दोन्ही गालांची पापी घेतली आणि मला म्हणाल्या, "दोमेनिका तोर्नाते? अ प्रान्झो?" म्हणजे, रविवारी परत येताय? दुपारच्या जेवायला?

वर्षभर शिकलेलं वाक्य तोंडातून आपोआप आलं. "सी, सी! तोर्नियामो, तोर्नियामो!" हो हो, येऊ की, येऊ की. वर आपली मान डोलवली.

त्यांनी पुन्हा विचारलं. "दोमेनिका?" मला काय वाटलं असेल? मला गहिवरून आलं. आग्रह करतेय बाई, अगदी आपल्यासारखी. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "दोमेनिका!"

गाडी सुरू झाल्यावर ईरानं विचारलं, "बाबा, आर वी ॲक्च्युअली कमिंग बॅक संडेला?"

"अगं, असं म्हणायचं असतं."

"शी आस्क्ड ट्वाइस."

"आपल्याकडे तीनदा विचारतात," मी म्हटलं. मग पुढचा अख्खा घाट मी तिला जुन्या संस्कृती कशा सारख्या असतात यावर व्याख्यान दिलं. ते आठवलं की आजही कान गरम होतात.

समुद्राबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. छत्र्या मिटलेल्या होत्या, वारा होता, मला एका दुकानात बारा शब्दांचं वाक्य बिनचूक बोलता आलं. शनिवारी संध्याकाळी मेधानं बॅग उपसली, पुन्हा भरली, पुन्हा उपसली. डबा मावशींच्या ओट्यावर राहिला होता.

"नवीन घेऊ," मी म्हटलं.

"आईचं नाव घातलेला नवीन कुठे मिळतो?"

म्हणून गेलो. वाट वाकडी करावी लागली म्हणून मी कुरकुरलोसुद्धा. पाच मिनिटं थांबायचं, डबा घ्यायचा, निघायचं असं मी दोघींकडून कबूल करून घेतलं होतं.

रविवार, दोन वाजून गेल्यावर

दार उघडंच होतं. हाक मारायच्या आधीच आतून आवाज आला, "तार्दी, तार्दी!" उशीर, उशीर केलात.

मावशींनी निळा झगा घातला होता, कानात मोत्याच्या कुड्या होत्या. मागे टेबलावर पांढरं इस्त्रीचं कापड अंथरलेलं. चार ताटल्या. पेले पालथे. शेवया ताटात पीठ भुरभुरून ठेवलेल्या, अजून पाण्यात सोडलेल्या नव्हत्या, कारण त्या गरमच खायच्या असतात. आम्हाला बसवून त्यांनी गॅस लावला. पातेल्यातलं पाणी लगेच उकळलं. ते कितीदा उकळून, बंद करून, पुन्हा उकळलं होतं कोण जाणे. मावशी स्वतःही जेवल्या नव्हत्या.

खरं सांगायची वेळ तीच होती. मला शब्दही येत होते. मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "त्राफिको." ट्रॅफिक होतं. त्या घाटात आम्हाला एक ट्रॅक्टर भेटला होता.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं आपण म्हणतो. माझ्याही मनात तेच आलं, आणि कुठल्या घरात बसून आपण हे मनात आणतोय ते लक्षात आल्यावर आणखी लाज वाटली.

शेवया आल्या, वर टोमॅटो आणि तुळशीसारखी पानं, मांसाचा कणही नाही. मग आमटी आली. तिला गोड्या मसाल्याचा वास होता. डबा टेबलावर मधोमध ठेवलेला, घासून लखलखीत केलेला. मसाला भरपूर पडला होता, थोडा करपलाही होता. "तुम्ही ठेवून गेलात," मावशी मेधाला म्हणाल्या, "मी मार्कोला तेच सांगितलं. डबा ठेवून गेलेत, म्हणजे येणारच."

मार्को कोण? त्यांचा मुलगा. समुद्राकाठच्या शहरात राहतो, दर रविवारी येऊन आईला जेवायला खाली घेऊन जातो. मावशी सांगत गेल्या, मी दोघींना मराठीत सांगत गेलो. गेल्या हिवाळ्यात मावशी दारासमोर बर्फावर घसरल्या. गल्लीतून कुणी जाणारच नव्हतं, मार्को येईपर्यंत तशाच पायरीवर बसून राहिल्या. तेव्हापासून तो म्हणतोय, आई, खाली चल. तुझ्या दारात कुणी येत नाही. त्या म्हणतात, येतात. शुक्रवारी दोघांचं फोनवर वाजलं. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे. या रविवारी तुझे ते अमेरिकेतले लोक खरंच जेवायला आले तर हा हिवाळा मी विषय काढणार नाही. नाही आले तर पुढच्या रविवारी सामान बांधायचं.

"तो हसला," मावशी म्हणाल्या. "आता जेवण झालं की फोन करेल." त्या पोरीसारख्या खुशीत होत्या.

मी घास घेतला.

"सांगा त्यांना," मेधा मराठीत म्हणाली. माझ्याकडे न बघता, शेवया गुंडाळत.

"काय सांगू? आलोय ना आपण? जेवतोय ना?"

"डब्यासाठी आलोय."

"अगं, पण निकाल तर तोच ना? त्यांना इथे राहायचंय. राहू देत की यार. आपलं काय जातं?"

ईरानं काटा खाली ठेवला. "बाबा, शी विल बी अलोन हिअर ऑल विंटर. बर्फात. बिकॉज शी थिंक्स पीपल कम. आणि आपण तर नाहीच ना येणार परत?"

माझ्याच पोरीनं मला विचारलं आणि मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. मावशी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होत्या. "काय झालं? मसाला जास्त झाला?"

तेव्हा सांगितलं. धैर्य आलं म्हणून नाही. दोघींच्या नजरेसमोर गप्प बसवेना म्हणून. मोडक्या इटालियनमध्ये, अडलं तिथे ईराच्या फोनवर शब्द शोधून. आमच्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत. जातो म्हणणं अशुभ, गेला असं मेलेल्या माणसाबद्दल म्हणतात. म्हणून येतो म्हणतात. जेवायला या म्हटलं की येऊ म्हणतात. त्यात खोटं बोलायचा हेतू नसतो. आणि आज, सिन्योरा, आम्ही डबा घ्यायला आलो होतो. ट्रॅफिक नव्हतं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी टेबलावरचे पावाचे कण तळव्यानं गोळा केले, आणि खरोखर समजून घ्यायचं म्हणून विचारलं,

"मग तुमच्याकडे जो खरंच येणार असतो, तो काय म्हणतो?"

मी विचार केला. "तोही येतो म्हणतो."

"मग लोकांना कळतं कसं?"

मी टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. पिस्कॅटवेत आमच्या टेबलालाही चार खुर्च्या जास्तीच्या आहेत. त्यांवर कोण कधी शेवटचं बसलं, मला आठवेना. मी म्हटलं, "आधी मेसेज करतात." हे इतकं दरिद्री वाटलं बोलताना की मेधानं मान खाली घातली.

मावशींनी "आह" म्हटलं. उठून डब्याचं झाकण घट्ट लावलं, तो एका स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि मेधाच्या हातापाशी ठेवला. उरलेला पाव कापला. "खा," त्या म्हणाल्या, "गार होतंय." आम्ही खाऊ लागलो. घरात चमच्यांचा आवाज येत होता.

फोन वाजला.

मेधानं माझा हात धरला. मावशींनी ॲप्रनला हात पुसले, फोन कानाला लावला. पलीकडून मार्कोचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता, चेष्टेचा, लाडाचा. त्यानं एकच प्रश्न विचारला. मावशींनी आमच्याकडे पाहिलं. तिघांच्या पुढे ताटल्या, तिघांच्या हातात चमचे.

"नो," त्या म्हणाल्या. "नॉन ए वेनूतो नेस्सूनो." नाही रे. कुणी नाही आलं.

मग फोन मान वाकडी करून खांद्याशी धरला, आमटीचं भांडं उचललं आणि माझी ताटली रिकामी होत आली होती म्हणून त्यात आणखी एक डाव वाढला. मी ती आमटी खाल्ली.